पाणी कुठं मुरतं

काल्बुकोच्या धक्क्यामागं, सॅल्मनच्या कारखान्याला
नवी जोडणी द्यायची आहे:
एक पाण्याची, आत येणारी,
एक मैल्याची, बाहेर जाणारी.
मधल्या सगळ्याला
माझ्या तक्त्यात एक रकाना.

मासे धुण्याचं पाणी सोपं.
अमुक टन मासा, तमुक घनमीटर,
खवले, रक्त, चरबी.
चरबी अडवायला टाकी, पुढं दोनशेचा पाईप,
शंभराला एक उतार. झालं.
मेलेला मासा आकडे लपवत नाही.

माणसांच्या पाण्याशी अडलं.
एका पाळीला दोनशे बारा बायका.
पुस्तक म्हणतं माणशी चाळीस लिटर,
जुना मीटर म्हणतो अकरा.

व्यवस्थापक एर्विन हेलविग खूश.
"आमच्या बायका काटकसरी," म्हणाला.
त्याला वर बत्तीसची नळी हवी, खाली एकशेदहाचा पाईप,
कारण नगरपालिका व्यासावर पैसे घेते,
आणि मिलिमीटर मोजताना
श्रीमंताचीच बोटं जास्त थरथरतात.

मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
भिंती ठोकल्या. झडपा बंद करून
रात्रभर काट्याजवळ बसले.
काटा हलला नाही. मीटर खरा होता.

मग घड्याळ घेऊन दाराशी उभी राहिले.
सव्वादहाला भोंगा. बारा मिनिटांची सुट्टी.
हातमोजे, एप्रन, गुडघाभर बूट
उतरवायला तीन मिनिटं, चढवायला तीन.
उरली सहा. आणि संडासही सहाच.
वहीत भागाकार मांडला
आणि पुरा न करताच खोडला.

बहुतेक जणी रांगेत आल्याच नाहीत.
बाकावर बसून नुसता पाव चावत होत्या, कोरडा.

एदुविना बार्रिया, काटे काढण्याच्या टेबलावर एकोणतीस वर्षं,
माझ्या वहीत डोकावून म्हणाली,
"काय मोजतेस पोरी? रात्री नऊनंतर आम्ही पाणी पीत नाही.
सकाळचा चहा नाही. मग पाळी निभते."
आणि कमरेमागं हात नेऊन, अगदी सहज,
"दोनदा खडे काढलेत."

सेकंदाला साठ सेंटिमीटर.
त्याहून हळू वाहिलं तर तळाशी बसत जातं,
हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं,
पाईपापुरतं.

त्या रात्री मी रकान्यात चाळीस लिहिलं.
वीस संडास. पन्नासची नळी. एकशेसाठचा पाईप.
हेलविगनं कागद उलटासुलटा केला.
"मीटरवर नाही ते पाणी
तुम्ही आणलंत कुठून?"
तेव्हापासून तो मला पाण्यात पाहतो.
पाहू दे. तेवढ्यानं व्यास कमी होत नाही.

खरं तर भीती मलाही होती.
मोठ्या पाईपात थोडं पाणी आळसावतं,
पसरतं, मैला मागं टाकून एकटंच पुढं जातं.
त्या पिणारच नसतील
तर माझाच पाईप तुंबणार, माझ्याच नावानं.
आणि सुट्टी अजून बाराच मिनिटांची:
वेळेचा व्यास माझ्या नकाशात बसत नाही.
शेवटी शेऱ्यात लिहिलं, "सुट्टी वीस मिनिटं गृहीत."
कुणी वाचलं की नाही, ठाऊक नाही.

एप्रिलमध्ये चर बुजवला.
पहिल्या सोमवारी, सव्वादहाला,
शेवटच्या मॅनहोलचं झाकण उचलून
मी पोटावर आडवी झाले, बॅटरी घेऊन.
तळाशी बोटभर पाणी.
सोबतचा पोरगा म्हणाला, "काय पाहता त्यात?"
मी म्हटलं, गप, ऐक.

मे महिन्यात दीड बोट.
त्यातलं किती पाणी हात धुण्याचं,
किती कुणाच्या घशाखालून आलेलं,
पाईप सांगत नाही. मीही विचारत नाही.

काल मात्र एदुविना दिसली,
फाटकाबाहेर, पाळी सुरू व्हायच्या आधी,
थर्मासच्या झाकणातून काहीतरी पीत.
माझ्याकडं बघून तिनं झाकण जरा उंचावलं,
आणि मी सवयीनं
ते किती मिलिलिटरचं असेल
ते पाहत राहिले.